ड्यूकच्या मेजवानीतला घोंगडीवाला पाहुणा

इंग्रज माणूस जगात जिथे जिथे गेला, तिथे आपला दुपारचा चहा बरोबर घेऊन गेला. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना हिला दुपारचे खाणे आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांच्यामधला वेळ भुकेने जाईना, म्हणून ती चार-पाचच्या सुमाराला चहा, पाव-लोणी आणि केक खोलीत मागवू लागली, अशी या प्रथेची जन्मकथा सांगतात. एका बाईच्या भुकेतून निघालेल्या या फराळाचा पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात मोठा समारंभ झाला. चांदीची किटली, पातळ चिनी मातीचे पेले, हिरवळीवर मांडलेली टेबले. कोणी कुठे बसायचे, कोणी काय घालायचे, कोणाशी किती बोलायचे याचे नियम. आपल्याकडे हा थाट आला तो साहेबाच्या बंगल्यावाटे, आणि तिथून एतद्देशीय धनिकांच्या वाड्यांत शिरला. राजघराण्यातले कोणी गावात आले की त्याला आपल्या घरी बोलावून पानसुपारी, मेजवानी करण्यासाठी मोठ्या लोकांत चढाओढ लागे.

पुण्यात तर १८८६ ते १८९० या काळात साक्षात राणीचा मुलगाच होता. व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, हा तेव्हा मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती होता. दिल्लीचे कॅनॉट प्लेस ज्याच्या नावाने बांधले गेले तोच हा. राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीचा उत्सव १८८७ मध्ये देशभर झाला होता. कमानी, रोषणाई, मानपत्रे यांची हवा अजून ओसरली नव्हती. अशा दिवसांत, २ मार्च १८८८ रोजी, हरी रावजी चिपळूणकर या पुण्यातल्या धनिक गृहस्थांनी ड्यूकच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. (हे चिपळूणकर म्हणजे निबंधमालाकार विष्णुशास्त्री नव्हेत. विष्णुशास्त्री १८८२ मध्येच वारले होते, आणि या समारंभाला जो पाहुणा येणार होता त्याच्यावर त्यांनी हयातभर टीकेचे आसूड ओढले होते.)

निमंत्रितांत सरदार, इनामदार, व्यापारी, सरकारी अंमलदार असणार हे उघडच होते. जरीच्या पगड्या, मोत्यांचे कंठे, हिऱ्यांच्या अंगठ्या. त्या झगमगाटात एक साठीचा माणूस आला. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, अंगावर खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचा वेश. हे जोतीराव गोविंदराव फुले. यजमानांचे जुने स्नेही, नगरपालिकेचे माजी सभासद, लेखक, आणि सरकारी कामांचे कंत्राटदार. घरी चांगले कपडे नव्हते असे मुळीच नव्हते.

जोतीरावांचे चरित्र आपल्याला शाळेपासून ठाऊक असते ते भिडेवाडा, सत्यशोधक समाज अशा टप्प्यांनी. पण ते दुसऱ्या एका धाग्यानेही लावता येते. पंगतीला कोणाला बोलावायचे, कोणाला उठवायचे आणि खर्च कोणाच्या खिशातून करायचा, हे प्रश्न या माणसाच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत येत राहिले.

११ एप्रिल १८२७ चा त्यांचा जन्म. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून फुले झाले. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होते न होते तोच गेली, आणि सगुणाऊंनी त्याला वाढवले. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी बापाची समजूत घातली म्हणून १८४१ मध्ये तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती अशा दोन शेजाऱ्यांनी दार ठोठावले नसते, तर महाराष्ट्राला एक चांगला माळी मिळाला असता, एवढेच.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राने लग्नाच्या वरातीला बोलावले. जोतीराव गेले. वरातीत कोणीतरी ओळखले, माळ्याच्या पोराने आमच्याबरोबर चालावे म्हणजे काय म्हणून पाणउतारा केला, आणि ते परत फिरले. घरी वडिलांना सांगितले, तर वडिलांनी उलट त्यांचीच समजूत घातली, की पेशवाई असती तर याहून भयंकर शिक्षा झाली असती, थोडक्यात सुटलास. मला या प्रसंगात वरातीपेक्षा वडिलांचे बोलणे अधिक बोचते. अपमान करणारा परका असतो. तो गिळायला शिकवणारा मात्र घरातलाच, आणि तोही मायेपोटी शिकवतो. त्याच वर्षी जोतीरावांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. पुढच्या वर्षी वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले.

सरकारने मात्र बोलावून घेतले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात शालजोडी देऊन त्यांचा जाहीर सत्कार झाला. ज्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाचा दरबार भरे, तिथे एका माळ्याच्या मुलाला कंपनी सरकारने शाल पांघरली. इंग्रजी राज्याबद्दल जोतीरावांच्या मनात जो ओलावा होता तो पुढच्या पिढीतल्या अनेकांना खटकला. पण त्यांची बाजू समजून घ्यायची तर ही वरात आणि ही शालजोडी शेजारी शेजारी ठेवावी लागते.

१८६८ मध्ये त्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाळा काढणे हे सार्वजनिक काम. त्याला मंडळी असते, देणगीदार असतात. घरचे पाणी खुले करणे ही घरातली गोष्ट असते. ती रोज सकाळी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, घरच्या बाईच्या सोबतीने निभवावी लागते. त्याआधी, १८६३ मध्ये, फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी घर उघडलेच होते. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि वाढवला.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्यानंतर तीनच वर्षांनी दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. आणि याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरियाला कैसर-ए-हिंद म्हणून जाहीर केले. राजेरजवाडे हत्ती-घोड्यांसह जमले, मेजवान्या झडल्या. पुण्याहून सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्या दरबाराला गेले ते हाताने कातलेल्या सुताच्या खादीत. बादशाही समारंभात पोशाखाने बोलण्याचा हा पुणेरी पाठ जोतीरावांच्याही आधीचा आहे, हे नमूद केले पाहिजे. इकडे दख्खनात आणि मद्रास इलाख्यात माणसे मरत होती; त्या दुष्काळाचे बळी पन्नास लाखांच्या वर गेल्याचे अंदाज आहेत. सत्यशोधक समाजाने धनकवडीला पोरक्या, उपाशी मुलांसाठी आश्रम काढला आणि त्याला नाव दिले व्हिक्टोरिया बालाश्रम. दिल्लीत राणीच्या नावाने ताटे वाढली जात होती, धनकवडीतही राणीच्याच नावाने वाढली जात होती. पंगतीत बसणारे तेवढे वेगळे होते.

१८७६ ते १८८३ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वांत मोठ्या पाहुण्याच्या स्वागतखर्चाला नाही म्हणायचे, याला काय लागते ते कोणत्याही कमिटीवर बसलेल्या माणसाने मनाशी विचारून पाहावे. मंडईच्या मोठ्या इमारतीवर लाखो रुपये घालण्यालाही त्यांचा विरोध होता. ती इमारत झाली. रे मार्केट या नावाने १८८६ मध्ये सुरू झाली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. पुण्यात भाजी घेताना ही गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही.

जोतीराव स्वतः गरीब नव्हते, हे पुन्हा सांगायला हवे. धरणे, कालवे, पूल यांसाठी दगड, चुना, मजूर पुरवण्याची कंत्राटे त्यांनी घेतली. मांजरीकडे कालव्याच्या पाण्यावर त्यांनी शेती करून दाखवली. सरकारी इंजिनिअर, कारकून, पाटबंधाऱ्याचा शिपाई, सावकार, कुलकर्णी या सगळ्यांशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. म्हणून १८८३ मध्ये लिहून पुरे केलेल्या शेतकऱ्याच्या आसुडात नुसता संताप नाही, हिशेब आहे. मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली, त्यामुळे कोणतेही पुस्तक हाती आले की त्यातले आकडे आणि तारण आधी शोधण्याची खोड लागली आहे. आसूड त्या परीक्षेला उतरतो. वाहून जाणारी माती अडवायला बांध घाला, त्यासाठी रिकाम्या पलटणी आणि पोलीस कामाला लावा, तळी-तलाव करा, जनावरांची अवलाद सुधारा, शेतीची प्रदर्शने भरवा, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा. आजच्या कोणत्याही पाणलोट प्रकल्पाच्या अहवालात हीच कलमे थोड्या गुळगुळीत भाषेत सापडतील. मजा अशी, की त्यांच्याच सहकाऱ्याने, नारायण मेघाजी लोखंड्यांनी, दीनबंधूमध्ये त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढे हात आखडता घेतला. मजकूर जहाल वाटला असावा.

नोकरीतली एक आठवण इथे सांगतो, कारण २ मार्चच्या मेजवानीचा अर्थ मला तिथे कळला. माझी बदली नवापूर तालुक्यात झाली होती. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. त्याआधीची गोष्ट, तेव्हा तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडे. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे, मिशनच्या दवाखान्यामुळे दूरवर माहीत असलेले चिंचपाडा आमच्या कामाच्या टापूत होते. मावची, कोकणी, भिल्ल वस्ती. भात आणि तूर ही पिके. चिंचपाड्याला कर्जवाटपाचा मेळावा ठरला आणि वरून मोठे साहेब येणार असे कळले. आठ दिवस आम्ही कर्जाची कागदपत्रे बाजूला ठेवून साहेबांच्या चहाच्या तयारीला लागलो. मांडव, खुर्च्या, टेबलावर पांढरी चादर, नंदुरबारहून आणलेली बिस्किटे, सामोसे, काजू. ज्यांच्या नावाचा मेळावा, ती माणसे सकाळपासून पाडापाड्यांतून चालत येऊन मांडवाबाहेर उन्हात बसली होती. साहेब आले, चहा झाला, भाषणे झाली. निवडक पाच जणांना पुढे बोलावून फोटो काढले. त्यांना मुद्दाम नवे सदरे घालून आणले होते, कारण कोणाला तरी वाटले की फाटक्या कपड्यांत फोटो बरा दिसणार नाही. यात कोणी दुष्ट नव्हते. साहेब तर फार सज्जन होते. पण परत जाताना त्यांनी खरेच काय पाहिले असेल, हा प्रश्न मला पडला. त्यांनी पाच नवे सदरे पाहिले होते.

हरी रावजींच्या मेजवानीत ड्यूकलाही असेच नवे सदरे दिसणार होते, फक्त त्यांना मोती जडवलेले होते. जोतीरावांनी तेवढे होऊ दिले नाही. ते बोलायला उभे राहिले आणि इंग्रजीत बोलले. घोंगडीवाल्याच्या तोंडून साहेबाची भाषा आली तेव्हा सभेत काय झाले असेल त्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांच्या बोलण्याचा आशय सरळ होता. इथे जमलेली हिऱ्या-मोत्यांनी लगडलेली मंडळी म्हणजे राणीची हिंदुस्थानातली रयत, असा समज करून घेऊन ड्यूकने जाऊ नये. खरी रयत खेड्यांत आहे, तिच्या अंगावर वस्त्र नाही आणि पोटात अन्न नाही. ड्यूकने खेड्यांतून हिंडून ती पाहावी आणि आपल्या आईला जाऊन सांगावे. आणि तिला सगळ्यांत आधी जे हवे आहे ते शिक्षण.

या प्रसंगाला कोणी बंड म्हणतात. मला ते बंड वाटत नाही. जोतीरावांनी निमंत्रण झिडकारले नाही, यजमानाचा अपमान केला नाही, राणीविरुद्ध शब्द काढला नाही. निमंत्रण झिडकारायचे तेव्हा ते स्पष्ट झिडकारीत: १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेला बोलावले, तेव्हा शूद्रातिशूद्रांची दुःखे ज्यांच्या पुस्तकांत नाहीत त्यांच्यात आमचे काय काम, अशा अर्थाचे कडक पत्र पाठवून ते घरी राहिले. इथे ते आले, कारण इथे त्यांना एका गैरहजर माणसाला बरोबर आणायचे होते. टेबलावरचे धान्य, तूप, साखर, फुले ज्याच्या रानातून आली आणि रोषणाईचा पैसा ज्याच्या शेतसाऱ्यातून आला, त्याचे नाव आमंत्रणाच्या यादीत नव्हते. त्याचे कपडे तरी आत गेले.

यजमानांचेही कौतुक केले पाहिजे. राजपुत्रासमोर असा पाहुणा उभा राहू देणे म्हणजे आपल्या हजारोंच्या खर्चावर पाणी पडण्याची तयारी ठेवणे. हरी रावजींच्या जागी दुसरा असता तर मित्राला हळूच कोपऱ्यात बसवून आधी पोशाख बदलायला लावला असता.

ड्यूक खेड्यांत गेला की नाही याने इतिहासात फार फरक पडला नाही. दुसरी एक गोष्ट मात्र लगेच घडली. सव्वादोन महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरली आणि रावबहादूर विठ्ठलराव वंडेकरांच्या हस्ते जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली. ती ना सरकारने दिली ना विद्वानांच्या परिषदेने. कष्टकऱ्यांच्या वस्तीत, त्यांच्यातल्याच माणसांसमोर मिळाली.

त्याच वर्षी जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. जोतीरावांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून काढले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, छापले गेले. कंत्राटांचा पैसा केव्हाच सार्वजनिक कामांत संपला होता. औषधपाण्याची ओढाताण सुरू झाली, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मदत आली.

ते असे अंथरुणावर असताना पुण्यात चहाचे प्रकरण पेटले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त शहरातली नामवंत मंडळी जमली. मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात धरला. या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावे पुणे वैभव पत्रात छापवून आणली. रानडे, टिळक, गोखले ही नावे त्यात होती. सनातन्यांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आज घरोघर दिवसातून चार वेळा उकळणारा चहा तेव्हा नुसते पेय नव्हता. कोणाच्या हातून घेतला यावर घरातली श्राद्धे, लग्ने अडत. बाहेर राष्ट्रसभा गाजवणारी माणसे एका पेल्यावरून खुलासे करीत होती. पुढे १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले; त्यांचे ते दिवस कसे गेले ते रमाबाईंच्या आठवणींत वाचायला मिळते. टिंगल करण्याचा हा विषय नाही. घरच्यांचे, आश्रितांचे हाल पाहवत नाहीत म्हणून वाकणारा माणूस भित्रा असतोच असे नाही.

हा गदारोळ चालू असतानाच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव गेले. आपला देह मिठात घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. यशवंत दत्तक, म्हणून टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे हातात घेतले आणि त्या प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या.

गंज पेठेतले ते घर आता सरकारी स्मारक आहे. त्याच्या आवारात जोतीरावांनी खुला केलेला पाण्याचा हौद बघायला मिळतो. पंचहौद तिथून फार लांब नाही, पायी जाता येते.